गिअर ऑइलच्या स्क्रूखालचा वॉशर

प्रश्न: नमस्कार. मालवणला माझ्या होडीवर ८ अश्वशक्तीचे आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन आहे. गिअर ऑइल बदलताना ते दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेले, निघाले आणि खालच्या स्क्रूचा वॉशर चेपून चिरलेला दिसला. बाजारातला तांब्याचा वॉशर चालेल का?

उत्तर १: तांबे टाळावे; खाऱ्या पाण्यात त्याच्या संगतीने गिअरभोवतीचे ॲल्युमिनियमचे आवरण गंजून खाल्ले जाते. मॉडेल क्रमांक सांगून मूळ वॉशरच मागवावेत, तेही दोन, कारण वरच्या स्क्रूखालीही वॉशर असतो आणि दोन्ही एकदमच बदलावेत.

उत्तर २: सहमत. मात्र जुन्याचा चिकटलेला पापुद्रा आधी नखाने काढावा. माझा एकदा तसाच राहिला आणि आठवड्यात तेल पुन्हा पांढरे झाले. तरीही पाणी शिरले, तर पंख्याच्या शाफ्टचे ऑइल सील (पाणी आत न येऊ देणारी रबरी कडी) पाहावे. तिथे बहुधा तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला सापडतो.