मदत हवी आहे: मुलीची पहिली, पाडव्याला रांगेत उभं राहू की घराजवळची शाळा?

शिफ्टवाला
जरा लवकर सांगा, गुढीपाडवा तोंडावर आलाय, त्याच दिवशी नाव घालायचंय. मुलीला पहिलीत घालायचंय, दोन्ही शाळा महापालिकेच्याच. एक घरापासून चालत पाच मिनिटांवर, पण पट कमी, आणि गल्लीत जो तो म्हणतोय तिथं कोण घालतंय आता. दुसरी लांब आहे पण नाव मोठं, स्कॉलरशिपच्या यादीत दरवर्षी तिथली पोरं असतात, आणि तिच्यासाठी आदल्या रात्रीपासून रांग लागते. बायको म्हणते रांगेत उभं राहा, आई म्हणते जवळची बरी. प्रायव्हेटचं सांगू नका, ते आमचं ठरलंय. दोन शाळांत नेमका फरक काय बघायचा तेवढंच सांगा.

ठाणेकर_आई
शहर कुठलं? मुंबईत महापालिकेच्या पब्लिक स्कूलला लॉटरी असते, रांग कुठे लागते? माध्यम कुठलं? मुलीचं वय? काहीच कळत नाहीये.

पेठेतला
रांग म्हटल्यावर कोल्हापूरच की ओ. जरगनगरच्या शाळेबद्दल म्हणताय न्हवं? पाडव्याला पहाटे तिथली गर्दी बघायची, आईबाप कागदं हातात धरून उभे असतात, तेही महापालिकेच्या शाळेसाठी. माझा पुतण्या तिथंच शिकला. डोळं झाकून घाला.

शिफ्टवाला
हो, कोल्हापूर. मराठी माध्यम, सेमी. नोव्हेंबरात ६ पूर्ण होतील.

निवृत्त_गुरुजी
वयाचं बसतंय, ३१ डिसेंबरपर्यंत ६ पूर्ण लागतात. पण जवळच्या शाळेचा पट "कमी" म्हणजे किती ते लिहा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पहिली ते पाचवीला ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, १२० पर्यंत चार. म्हणजे पट ५० असला तर दोनच शिक्षक, आणि एकेकाला दोन-दोन, तीन-तीन वर्ग सांभाळावे लागतात. कमी पोरं म्हणजे जास्त लक्ष असं लोक धरून चालतात, ते दरवेळी खरं नसतं.

राजारामपुरीकर
गुरुजी, माफ करा पण नाही पटलं. माझी मुलगी दोन शिक्षकी शाळेतच होती. मॅडमना प्रत्येक पोराचं घर माहीत, एक दिवस नाही गेली तर दुपारी फोन यायचा. मोठ्या शाळेत वर्ग भरगच्च, तिथं मागं बसलेल्याला कोण विचारतंय?

पेठेतला
मग लोक रात्रभर उभे राहतात ते काय उगाच?

निवृत्त_गुरुजी
लोक उभे राहतात कारण शेजारचा उभा राहिलेला असतो, हेही एक कारण आहेच. आणि स्कॉलरशिपच्या यादीवर जाऊ नका, त्यात बसवलेली निवडक पोरं दिसतात, बाकीचा वर्ग दिसत नाही. सरळ जवळच्या शाळेत जा, परवानगी मागा आणि तिसरीच्या वर्गात बसा. कडेच्या तीन पोरांना न शिकवलेला धडा वाचायला सांगा आणि हातच्याची वजाबाकी घाला. 'असर' नावाच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणात घरोघरी जाऊन साधारण हेच तपासतात.

करवीर_अभिमान
शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या गावात सरकारी शाळेसाठी रांग लागते याचा मला फार अभिमान वाटतो.

ठाणेकर_आई
आम्हालाही वाटतो, पण त्यांना पाडव्याच्या आत ठरवायचंय. सोडणार-आणणार कोण? हे अजून सांगितलं नाही.

ऑनलाइन_सल्ला
आरटीईचा २५ टक्क्यांचा फॉर्म भरा ना, उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी पुरावा तयार ठेवा, मोफत होतं.

राजारामपुरीकर
अहो ते खाजगी विनाअनुदानित शाळांसाठी असतं. इथं दोन्ही शाळांत फी नाहीच, पुस्तकं आणि दुपारचा आहार पण मिळतो.

शिफ्टवाला
माझी फर्स्ट असली की सात वाजता शिरोलीत हजर पाहिजे, सेकंड असली की रात्री उशीर. बायको दुकानात, ती दहाला निघते. लांबच्या शाळेला व्हॅनच लावावी लागणार. जवळच्या शाळेत आई सोडेल, आणेल. उद्या सुट्टी आहे, जाऊन येतो.

निवृत्त_गुरुजी
शाळा कितवीपर्यंत आहे तेही विचारा. आणि शाळा व्यवस्थापन समितीत कोण पालक आहेत त्यांना भेटा, त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, ते खरं सांगतील.

शिफ्टवाला
जाऊन आलो. पट ७४, शिक्षक तीन. पहिली वेगळी बसते, दुसरी वेगळी, तिसरी-चौथी एकत्र. तिघांना वाचायला दिलं, दोघं घडाघडा, एक अडखळत पण वाचला. वजाबाकीला तोच अडला, तर मॅडमनी खडूनं उत्तर लिहून दिलं नाही, काड्यांचा दहाचा गठ्ठा त्याच्या हातात दिला, रबर सोडायला लावलं आणि परत मोजायला लावलं. जमलं त्याला. मला ते फार आवडलं. समितीतल्या एक ताई म्हणाल्या, पाण्याची टाकी सोडली तर तक्रार नाही. पण शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला लांबच्या शाळेत घेतील का?

पेठेतला
तेच सांगत होतो, आत्ताच घातलं की पुढची चिंता नको.

निवृत्त_गुरुजी
शाळेत पुढचे वर्ग नसतील तर आरटीईच्या कलम ५ प्रमाणे बदली मागायचा मुलाला हक्क आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरी पाचवीला त्या शाळेत बाहेरची किती पोरं घेतात, एक तुकडी की दोन, हे मुख्याध्यापकांना आत्ताच विचारून ठेवा.

शिफ्टवाला
विचारतो. पाडव्याला जवळच्या शाळेतच नाव घालतोय, आईलाच पुढं करून.