मदत हवी आहे: डॅशकॅमची वायर आणि कर्टन एअरबॅग

नमस्कार मंडळी. सहा एअरबॅगवाली गाडी आहे, मागच्या काचेवरही डॅशकॅम बसवायचाय. अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो, "वायर पुढच्या खांबाच्या प्लास्टिकखालून छताच्या कडेने नेऊ, दिसणारसुद्धा नाही." पण कर्टन एअरबॅगची (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उतरते ती) घडी नेमकी तिथेच असते ना?

मला समजलंय ते असं: बाजूने धडक बसली की दारातला किंवा मधल्या खांबातला सेन्सर खबर देतो आणि साधारण २०-३० मिलिसेकंदांत पडदा डोकं आणि काच यांच्यामध्ये उतरतो. घाई असणारच, बाजूला बॉनेटसारखी चुरगळायला जागा कुठंय? शिवाय गाडी उलटली तर उपयोग व्हावा म्हणून तो काही सेकंद फुगलेला राहतो. (बीएमडब्ल्यूने १९९७ मध्ये डोक्यासाठी आधी नळीच्या आकाराची एअरबॅग आणली होती, पडदा नंतरचा.)

आता वायर घडीवरून गेली तर पडदा अडकेल का? घडीच्या मागून नेली तर चालतं का? की सरळ दाराच्या खालून, पायपुसणीच्या कडेने न्यावी? ट्रिम (खांबावरचं, छताच्या कडेचं प्लास्टिक) स्वतः उघडलेल्या कुणी सांगितलं तर बरं, दुकानदाराच्या "काही होत नाही साहेब"वर माझा भरवसा नाही.

आणि वरच्या हँडलला शर्टाचा हँगर अडकवणं खरंच धोक्याचं का?