मदत हवी आहे: समुद्र तापल्यामुळे सागरी अर्चिन पसरले, असे म्हणता येईल का?

नमस्कार. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील केल्पच्या (समुद्रतळाच्या खडकांवरून उभ्या वाढणाऱ्या मोठ्या सागरी शेवाळाच्या) जंगलांविषयी लेख लिहीत आहे. त्यातील ‘सागरी उष्णतेच्या लाटेमुळे जांभळे अर्चिन सर्वत्र पसरले’ (अर्चिन म्हणजे खडकांवर राहणारा, काटेरी गोळ्यासारखा सागरी प्राणी) या वाक्यासमोर संपादकांनी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘थंड पाण्यातला प्राणी पाणी तापल्यावर मरायला हवा, तो वाढला कसा?’ शंका रास्त आहे, आणि उत्तर लिहायला बसलो तेव्हा माझाच त्या वाक्यावरचा विश्वास डळमळू लागला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आतापर्यंत जुळवलेला घटनाक्रम असा. समुद्राचे पाणी त्या ठिकाणच्या, त्या दिवसांतल्या दीर्घकालीन नोंदींपैकी ९० टक्के नोंदींपेक्षा अधिक उष्ण झाले आणि ही स्थिती किमान ५ दिवस टिकली, तर तिला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. येथे २०१४ ते २०१६ या काळात आलेली, ‘द ब्लॉब’ नावाने ओळखली जाणारी लाट मात्र दिवसांत मोजण्याजोगी नव्हती. त्याच्या थोडे आधी, २०१३ मध्ये, तारामाशांना झडून मरण्याच्या रोगाने गाठले होते. चोवीसपर्यंत हात असलेला आणि मीटरभर रुंद होणारा सूर्यफूल तारामासा हा येथील अर्चिनांचा मुख्य भक्षक होता, कारण अर्चिन खाणारे सागरी ऊद (सी ऑटर) या भागातून फरच्या व्यापाराच्या काळातच संपले होते. हा तारामासा कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसा झाला. (त्या रोगामागे एक व्हिब्रिओ जातीचा जिवाणू आहे, हे २०२५ मध्ये कळले.) पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचे ९० टक्क्यांहून अधिक बुल केल्प (येथील केल्पची मुख्य जात) गेले, काही ठिकाणी जांभळ्या अर्चिनांची संख्या ६० पटींवर पोहोचली, लाल अ‍ॅबलोनी हे केल्पवर जगणारे शंखवर्गीय प्राणी उपासमारीने मेले आणि त्यांना बुडी मारून काढण्याची परवानगी २०१८ मध्ये बंद झाली.

कॅस्पर कोव्ह येथे एका पाणबुड्याने माझ्यासमोर एक जांभळा अर्चिन फोडून दाखवला. धडधाकट अर्चिनाच्या कवचात केशरी गाबोळीच्या पाच जाड जिभा असतात. याच्या कवचात तपकिरी पाणी होते आणि कडेला चिकटलेले दोऱ्यासारखे काहीतरी. तरीही काटे हलत होते. असा उपाशी अर्चिन वर्षानुवर्षे जगू शकतो, आणि आत खाण्याजोगे काहीच नसल्यामुळे मॉन्टेरीकडचे ऊदसुद्धा त्याच्या वाटेला जात नाहीत.

आता माझी अडचण. दक्षिण कॅलिफोर्नियात एल निन्योच्या उष्ण वर्षांत खडकांवर येऊन बसणाऱ्या जांभळ्या अर्चिनांच्या डिंभांची (पाण्यात तरंगणाऱ्या पिल्लांची) संख्या घटते, असे मी वाचले आहे. म्हणजे उष्णता त्यांना मानवत नाही. मग लाटेने त्यांना नेमके काय दिले? आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील अर्चिनांचे उदाहरण याच परिच्छेदात घातले तर चालेल का?

प्रतिसाद

तुमच्या संपादकांना माझा नमस्कार सांगा, कारण त्यांनी बोट बरोबर जागी ठेवले आहे. मी टास्मानियातल्या होबार्टला राहते आणि येथील किनाऱ्यावर नियमित बुड्या मारते, म्हणून टास्मानियाचे आधी सांगते: ते उदाहरण त्या परिच्छेदात घालू नये. जांभळा अर्चिन तुमच्याकडे पूर्वीपासूनच होता. त्याने नवा मुलूख घेतला नाही. आमच्याकडचा लांब काट्यांचा काळा अर्चिन मात्र उत्तरेकडच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या किनाऱ्यावरून आलेला पाहुणा आहे, आणि टास्मानियाच्या ईशान्य किनाऱ्यावर त्याची नोंद १९७८ मध्ये झाली. तो हिवाळ्यात अंडी सोडतो आणि पाणी सुमारे १२ अंशांच्या खाली असेल तर त्याचे डिंभ नीट वाढत नाहीत. पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह दक्षिणेकडे अधिकाधिक सरकत गेला, त्याने डिंभही आणले आणि हिवाळ्यातले पाणीही त्या उंबरठ्याच्या वर नेले. २०१५-१६ मध्ये येथे २५१ दिवसांची लाट आली खरी, पण तोवर हा पाहुणा घरचा होऊन तीन दशके उलटली होती. २००१-०२ आणि २०१६-१७ या दोन पाहण्यांच्या दरम्यान पूर्व किनाऱ्यावरील खरवडलेल्या ओसाड खडकांचे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेले. त्यात संथ तापमानवाढीचा, आणि अर्चिन फोडू शकणारे मोठे शेवंड माणसांनीच पकडून नेल्याचा वाटा मोठा आहे.

तुमच्याकडच्या लाटेने अर्चिनाला काही दिले नाही, केल्पचे काढून घेतले. बुल केल्प एका वर्षात वाढून संपते आणि त्याला थंड, नायट्रेटने समृद्ध पाणी लागते. उष्ण पाण्याचा थर वर पसरला की खालचे खत वर येत नाही. एरवी अर्चिन खडकाच्या कपारीत बसून तुटून वाहत येणारी केल्पची पाने आयती खातो. ती यायची थांबली, आणि बाहेर तारामाशाचा धाकही उरला नव्हता, म्हणून तो कपारीतून निघाला आणि उभ्या केल्पची बुडे कुरतडू लागला. तुम्ही ज्याला फैलाव म्हणता त्यातला बराच भाग म्हणजे लपलेले अर्चिन उघड्यावर येणे आहे. संख्याही वाढली, पण ते श्रेय लाटेपेक्षा भक्षक नसण्याला द्यावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. वाक्य आता असे केले आहे: ‘उष्णतेच्या लाटेने केल्पची उपासमार केली, आणि भक्षक तारामासे आधीच मेलेले असल्यामुळे कपारीतले भुकेले जांभळे अर्चिन बाहेर पडून उरलेले केल्पही खाऊन बसले.’ टास्मानियासाठी वेगळी चौकट मागितली आहे. एक शेवटची शंका: अर्चिनाच्या बाबतीत ‘गाबोळी’ हा शब्द चालेल का?

प्रतिसाद

खुशाल ठेवा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच काहीतरी उभे राहील. फक्त मासळीची गाबोळी मादीत असते आणि अर्चिनाच्या या जिभा नरातही असतात, एवढे एका ओळीत सांगून टाका. नाहीतर संपादकांची पेन्सिल पुन्हा चालेल.