जिवंत जीप की भरवशाची गाडी? बामणोलीकडून एक उत्तर

कोयनाकाठ
जुनी जीप काढून मारुतीची जिम्नी घ्यावी का, एवढंच मी परवा इथे विचारलं होतं. त्यावर ‘सडारान’ यांनी लिहिलं : “जीप म्हणजे जित्राब, तिला जीव असतो. जिम्नी म्हणजे मिक्सर, बटण दाबलं की फिरतो. ज्याला नुसता भरवसा पाहिजे त्याने एसटीचा पास काढावा.” खाली कितीतरी जणांनी अंगठे दिलेत. दोन दिवस गप्प बसलो, पण आता लिहितोच.

सडारानभाऊ, आमच्या वाडीला एसटी दिवसातून एकदा येते. दरड आली की तीही नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी नाचणीच्या लावणीत वडलांना घोट्याच्या वर फुरसं चावलं. दिवस मावळत होता. वाडीतले म्हणाले, साताऱ्याला न्या. बामणोलीकडून सातारा ३५-४० किलोमीटर, पण मधे कासची चढण आणि जुलैतलं धुकं. चढणीला निम्म्यात गाडीने दोन गचके दिले आणि बंद. सेल मारतोय, इंजिन फिरतंय, पण धरत नाही. डिझेलला हवा धरली होती, म्हणजे पाइपात हवा शिरून इंजिनला डिझेल पोचत नव्हतं.

बॉनेट उघडलं, मोबाइलची बॅटरी दातात धरली. १३ चा पाना लावून फिल्टरवरचा बोल्ट सैल केला आणि फीड पंप अंगठ्याने दाबत बसलो. आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग कुठे सरळ धार. धार आली की बोल्ट आवळायचा. आवळला, गाडी लागली, दीडशे पावलांवर परत बंद. पुन्हा तेच. वरून पाऊस, हात डिझेलने बुळबुळीत, पाना दोनदा चिखलात पडला. वडील मागे पोत्यावर टेकून विचारत होते, “लागली का रं?” पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ३५ मिनिटं गेली. सिव्हिलला पोचलो, लस मिळाली, वडील आज चालतायत. पण त्या ३५ मिनिटांत मी काय झालो होतो ते माझं मला माहीत.

तुम्ही गाडीचा जीव म्हणता. त्या रात्री जीव मागे पोत्यावर बसला होता.

आणि मिक्सर कशाला म्हणता? जिम्नीला चासी शिडीसारखी, लॅडर फ्रेमची, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड सॉलिड ॲक्सल, चढाला-चिखलाला जादा जोर देणारा लो गिअर, जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर. फोर व्हील सगळ्या मॉडेलला. वजन १,२०० किलोच्या आसपास, त्यामुळे चिखलात लवकर रुतत नाही. मला ती मिरवायला नको आहे. रात्री चावी फिरवली की लागली पाहिजे.

वडापवाला
पोरा, वडलांचं वाचून जीव कळवळला. पण खरं बोलायचं तर दोष गाडीचा न्हाय, तुझा हाय. हवा धरली म्हंजे टाकीपासनं येणारा रबरी पाइप कडक होऊन चिरला असणार. त्यो शेवटचा कवा बदललावतास? पाइप न् दोन वायसर, हजार रुपयात काम भागतं.

मी १९ वर्सं परळी खोऱ्यात वडाप, म्हंजे शिटा भरायची गाडी, चालवली. आधी जीप, मग ट्रॅक्स. दर उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आत पाइप नवा, फॅनबेल्ट नवा, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस. गाडी एकदम कधी मरत न्हाय, आठ दिस आधी सांगती. सकाळी सेल जास्त मारावा लागला की समजायचं. यवतेश्वरच्या उतारात ब्रेकचा वास आला की समजायचं. तू ऐकलं न्हाईस.

आणि बघ, तू एका पान्यावर गाडी चालू केलीस. माझ्या भाच्याकडं नवी गाडी हाय, कंपनीचं नाव घेत न्हाय. दिवाळीत उंदरानं वायर कुरतडली. समोर सगळे दिवे पेटले, गाडी वीसच्या वर जाईना, मग जागेवरच बसली. ठोसेघरातनं टोचन लावून आणली. शोरूमवाल्यांनी नऊ दिस ठेवली, वायरिंगचा अख्खा जुडगा यायचा हुता. त्या रातीला तुझा बा असल्या गाडीत असता तर? पाना घेऊन काय केलं असतंस?

सडारान
कोयनाकाठ, तुमच्या वडलांचं मला माहीत नव्हतं. एसटीच्या पासाचं वाक्य मागे घेतो. बाकीचं घेत नाही.

आमची जीप आजोबांनी घेतली. मूळ पेट्रोल होती, वडलांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं. माझ्या आत्याची पाठवणी त्या जीपमधून झाली, आजोबांना शेवटचं माहुलीला नेलं तेही तिच्यातूनच. स्टेअरिंगला इंचभर प्ले आहे. उतरून पुढच्या चाकांवरचे हब हाताने फिरवल्याशिवाय फोर व्हील लागत नाही. ती चालवताना माणूस जागा राहतो. नव्या गाडीत पडद्यावर गाणी लावून माणसं घाट उतरतात आणि दुसऱ्याच्या अंगावर येतात, रोज बघतो.

शिवाय जिम्नीचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, १३४ न्यूटन-मीटर. चार माणसं आणि मागे दोन पोती घालून कासची चढण चढवून दाखवा. महिंद्राच्या थार डिझेलला तो ३०० च्या घरात आहे. घ्यायचीच तर ती घ्या, निदान दम तरी आहे. आणि श्रावणात चाळकेवाडीच्या सड्यावर धुक्यात लो गिअर टाकून जीप घातली की खालून जे कळतं ते आकड्यांत येत नाही.

कराडची लेक
माझे वडील सरकारी नोकरीत जिप्सी चालवायचे. पाटण, हेळवाक, कोयनेचं जंगल, सगळं तिच्यावर. जिप्सी १९८५ ला आली आणि तीस वर्षांहून जास्त टिकली. लष्करात तीच, पोलिसांत तीच, वनखात्यात तीच. आज लोक जुनी जिप्सी शोधून, रंगवून दारात उभी करतात आणि तिला ‘कॅरेक्टर’ आहे म्हणतात. ते आलं कुठून? तिने कुणाला वाटेत सोडलं नाही म्हणून आलं. आणि सडारानदादा, जिप्सी म्हणजे जुन्या जिम्नीचंच लांब केलेलं रूप. तुम्ही ज्याला मिक्सर म्हणता त्याच घरातली.

टॉर्कचं तुमचं बरोबर आहे. भरलेली जिम्नी चढाला दमते, इंजिन ओरडतं. पण लो गिअर असतो कशाला?

कासपठारी
मला गाडीतलं फार कळत नाही. सडारान, तुम्ही “सड्यावर जीप घातली” असं लिहिलंत त्याबद्दल बोलायचं आहे.

मी कासच्या खालच्या गावातला. हंगामात पठारावर राखणीला उभा राहतो. सडा म्हणजे वरून जांभा, त्यावर कुठे चार बोटं तर कुठे बोटभरच माती. त्या बोटभर मातीत सगळा संसार आहे. ८५० च्या आसपास फुलझाडं कासला नोंदलेली आहेत. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं. वायतुरा या फुलझाडाचा कांदा त्या पातळ चिखलात असतो. चाक गेलं की तो कुस्करतो, आणि चाकोरीत पाणी साचून उरलेली माती वाहून खालचा दगड उघडा पडतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये रात्री कुणीतरी गाडी आत घातली. सकाळी गेलो तर दोन चाकोऱ्या, मधे वळून गोल फिरवलेली. हात घालून बघितलं, मनगटापर्यंत गेला. यंदा सप्टेंबरमध्ये आजूबाजूला तेरडा गुलाबी झाला होता, सीतेची आसवं जांभळी पसरली होती, आणि त्यात त्या दोन पट्ट्या काळ्या. दोन पावसाळे होत आले तरी तिथे गवताची काडी नाही. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. तुमची मजा पाच मिनिटांची.

तुमची गाडी जिवंत असो नाहीतर भरवशाची, सड्यावर दोन्ही सारख्याच. आणि चाळकेवाडीला तिकीट नाही, राखणदार नाही, म्हणून तो सडा मेलेला आहे का?

मिरजकर फोर बाय फोर
कासपठारीदादा, राग समजतो, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमचा ग्रुप परवानगी घेऊन बंद पडलेल्या खाणीत आणि खासगी रानात गाड्या चालवतो. माझी फोर्सची गुरखा आहे, पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात, म्हणजे एक चाक नुसतं फिरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. त्या गाडीला फुलं तुडवायची गरज नाही. दरवेळी फोर व्हीलवाला म्हणजे गुन्हेगार हे ऐकून कंटाळा आलाय. पठारावर दर शनिवार-रविवारी हजारो माणसं फोटोसाठी फुलांत बसतात, त्यांना बोला की.

कासपठारी
त्यांनाही बोलतो. शिट्टी फुंकून घसा बसतो. मागच्या हंगामात एका बाईंनी मला “तुझ्या बापाचं पठार आहे का” विचारलं. माझ्या आजाने तिथे गुरं चारली, हो, आहे. पण माणूस बसला तर गवत महिन्यात उठतं. दीड टनाची गाडी फिरली तर उठत नाही. हे दोन सारखे करू नका. आणि तुमच्या ग्रुपचं सांगितलंत म्हणून विचारतो, यवतेश्वरच्या मागच्या बाजूला ऑगस्टमध्ये आलेल्या सहा गाड्या कुणाच्या होत्या? त्यातल्या तीन दहा नंबरच्या होत्या, म्हणजे तुमच्या सांगलीकडच्या.

मिरजकर फोर बाय फोर
आमच्या नव्हत्या. दहा नंबर म्हणजे मीच का? पुरावा असेल तर टाका, नाहीतर शब्द मागे घ्या.

सडारान
थांबा दोघं. चाळकेवाडीला मी गेलो होतो, एकदा नाही, तीन-चारदा. पवनचक्क्यांकडे जाणारा कच्चा रस्ता सोडून आत. मला वाटायचं नुसतं गवत आहे. माती किती असते हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि ते “मनगटापर्यंत” वाचून बरं वाटलं नाही. परत जाणार नाही. पण कासपठारी, तुम्ही मेलेला सडा वगैरे म्हणालात, तेवढं बोलायची गरज नव्हती. मीही याच मातीतला आहे.

कासपठारी
गरज होती. साधं सांगून कुणी ऐकत नाही. जाणार नाही म्हणालात, ते मानतो.

मिरजकर फोर बाय फोर
मूळ विषयावर येतो, कारण भरवसा म्हणजे काय ते आम्ही सांगलीवाल्यांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलंय. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. माझ्या गाडीला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनची हवा वरून घेणारा पाइप, कागदावर खोल पाण्यातून जाते. मावशीला आणायला निघालो. पाणी दाराच्या निम्म्याला लागलं तसा मागचा भाग तरंगल्यासारखा हलला, स्टेअरिंग हलकं झालं. तसाच उलटा मागे आलो. मावशीला आणलं शेजारच्या ऊसवाल्याच्या ट्रॅक्टरने. तिच्या मांडीवर देव्हारा, तिच्या मागे दोन शेरडं. त्या ट्रॅक्टरला स्नॉर्केल नाही, नुसती उंच चाकं आणि वजन. त्या आठवड्यात ज्या घरी ट्रॅक्टर त्याच्या दारात गाव उभं होतं.

म्हणून कोयनाकाठ, तुमचं पटतं. ज्याच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्याने आधी लागणारी गाडी घ्यावी. माझी गुरखा मला लाख आवडते, पण बामणोलीत राहून हीच एक गाडी ठेव म्हणालात तर मी विचार करेन.

वडापवाला
ट्रॅक्टरचं बोललास ते बरं केलंस. पण ट्रॅक्टर का टिकतो? त्यात बिघडायला काय न्हाय, आणि गावात धा जणांना दुरुस्त करता येतो. हेच मी जीपचं म्हणतोय, तर जुनाट ठरलो.

मेढ्याला, परळीला, बामणोलीला मिस्त्री किती उरलेत ते मोजा. माझा मिस्त्री दोन वर्सांमागं वारला. कान इंजिनाला लावून सांगायचा, तिसऱ्याचा नोझल गळतोय. पोरगा पुण्याला शोरूममधी लॅपटॉप लावतो. चांगला कमावतो, माझी तक्रार न्हाय. पण खोऱ्यात कोण राहिलं? जुनी गाडी ठेवायची तर आपला हात पाहिजे न्हायतर मिस्त्री पाहिजे. दोन्ही नसंल तर मग घे बाबा नवी. हे मी मनापासनं म्हणत न्हाय, पण म्हणतो.

कराडची लेक
काका, तुम्ही शिकवा की कुणाला. खरंच सांगते. वडील गेल्यावर जिप्सीचं साधं कार्ब्युरेटर साफ करणारं माणूस मला कराडात दोन महिने सापडलं नाही.

वडापवाला
शिकणारा यायला पाहिजे, बाय. आला तर चहा माझा.

कोयनाकाठ
काका, पाइपचं तुमचं खरं आहे. घेतली तेव्हापासून बदलला नव्हता. गाडी लागत होती म्हणून हात लावला नाही. त्या रात्रीनंतर बदलला, पुन्हा हवा धरली नाही. तरीही पावसात चढणीला आलो की अजून पोटात गोळा येतो, माझं लक्ष रस्त्याकडे नसतं, इंजिनच्या आवाजाकडे असतं. असं भीत भीत घरच्यांना घेऊन किती वर्षं जाऊ?

काल जिम्नी चालवून बघितली. यवतेश्वरला चार माणसांत तिसऱ्या गिअरला दम लागला, सडारान म्हणाले तसंच. दुसऱ्यात घातली, वर गेली. वडील मागे बसले होते, गुडघे थोडे अडकतात म्हणाले. पण दार लावल्यावर काच बघून म्हणाले, “पाऊस आत येत न्हाय व्हय ह्यात?” जीपच्या हुडातून त्यांच्या खांद्यावर कायम पाणी गळायचं, त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. बुक केली.

जीप भंगारात देत नाही. फेरपासिंगला पैसे जातील ते जातील. भात, खत, नाचणीला ती राहील. मेच्या आधी एका रविवारी परळीला घेऊन येतो, काका. पाट्यांना ग्रीस कुठे कुठे भरायचं ते मला हाताने दाखवा. सडारान, तुम्हीही या. हब तुम्ही फिरवा.