मदत हवी आहे: नाथसागरावरच्या पक्ष्यांच्या फोटोत तारा, पाईप आणि जाळी येतात, काय करावं?

गाळपेर

नमस्कार मंडळी,

मी पैठणजवळच्या एका गावात शाळेवर आहे. तीन हिवाळे झाले, सुट्टीच्या दिवशी पहाटे नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढतो. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे, लेन्स १५०-६००. फोकस आणि उजेड आता बऱ्यापैकी जमतो. अडलंय वेगळ्याच ठिकाणी.

इकडचे नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळावर गहू-हरभरा पेरतात, त्याला आम्ही गाळपेर म्हणतो. त्या पिकासाठी काठावर मोटारी बसतात. पाणी मागे गेलं की मोटार पुढे सरकते आणि तिच्यामागे केबल, पाईप, बांबूच्या खुंटांवरून नेलेली वायर असं सगळं सरकत जातं. पक्षीही नेमके त्याच ओलीवर येतात. रानडुकरांसाठी शेताला बांधलेल्या साड्या वेगळ्याच. गुलाबी साडी कितीही धूसर केली तरी डोळा आधी तिच्यावरच जातो.

तीन फोटोंबद्दल विचारायचंय.

पहिल्यात नीलपंख आहे. घाटेअळी खायला पक्षी यावेत म्हणून हरभऱ्यात पक्षीथांबे लावतात ना, त्यातल्या एका थांब्यावर तो बसला होता. ऊन पाठीवर, निळाई अशी फुललेली की काय सांगू. पण मागून गेलेली विजेची तार बरोबर डोळ्याच्या रेषेत आलीय, एका कानातून घालून दुसऱ्यातून काढल्यासारखी.

दुसऱ्यात कवड्या धीवर हवेत एका जागी थरथरतोय, खाली बघत. त्याच्याखाली जाळ्याला बांधलेले थर्माकोलचे तुकडे. उन्हात ते इतके पांढरे पडलेत की पक्ष्याच्या पोटाचा पांढरा त्यांच्यापुढे मळका वाटतो.

तिसरा शेकाट्याचा आहे. उथळ पाण्यात एकटा, प्रतिबिंब स्वच्छ, मागे काही नाही. फक्त पायाजवळ एक बारीक पांढरी रेघ. केर असेल म्हणून पुसायला घेतली आणि पूर्ण मोठं करून पाहिलं. तो नायलॉनचा धागा निघाला. जाळ्याचा. गुडघ्यासारखा सांधा असतो ना, त्याच्या वर दोन वेढे, आणि एक टोक पाण्यात लोंबतंय. माझा हात तिथेच थांबला. तेव्हापासून त्या फोटोला काहीच केलेलं नाही.

माझा प्रश्न असा. हे सगळं जागेवरच टाळायची काही पद्धत आहे का? आणि टाळता आलं नाही तर पुसायचं की ठेवायचं? पोरांसाठी शाळेत फोटो लावायचे आहेत, आणि एक-दोन स्पर्धेलाही पाठवावेत असं मनात आहे. हल्ली बोट फिरवलं की तार गायब होते, ते मलाही येतं. पण मग वाटतं, नाथसागर तरी कुठे आपोआप झाला? १९७६ साली धरण पूर्ण झालं, पाणी साठलं, म्हणून हे पक्षी इतक्या संख्येने येऊ लागले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेही माणसाने साठवलेल्या पाण्यावरच. यातलं माणसाचं काय काय पुसू?

माळटिटवी

सर, नीलपंखाचं आधी सांगते, कारण त्याला उपाय आहे.

तार आडवी असेल तर डावी-उजवीकडे सरकून काही होत नाही, ती तिथेच राहते. वर-खाली व्हायचं. खांब उभा असेल तर मात्र बाजूला सरकायचं. हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली, कोणी सांगितलंच नव्हतं. समजा पक्षी तुमच्यापासून १५ मीटरवर आणि तार त्याच्या मागे आणखी १५ मीटरवर आहे. तुम्ही कॅमेरा फूटभर खाली घेतलात की पक्ष्याच्या मानाने तार अर्धा फूट खाली जाते. नीलपंखाच्या डोळ्यातून निघून जवळजवळ पायांपर्यंत. तार जितकी मागे, तितका तेवढ्याच हालचालीत फरक जास्त. उभ्याने काढलेला फोटो बसून काढलात तरी बऱ्याचदा काम होतं.

धूसरपणावर फार विसंबू नका. ६०० एमएमला, लेन्सचं छिद्र एफ ६.३ वर ठेवून, १५ मीटरवरच्या पक्ष्याचं जे धारदार येतं ते वीतभरही खोल नसतं. तरी तार पुसट पट्टा होऊन उरतेच, आणि डोक्यातून जाणारा पुसट पट्टाही खुपतो. पक्षी आणि मागचं जितकं लांब, तितका तो विरतो. म्हणून मी आधी मागची जागा बघते, पक्षी कुठे बसेल ते नंतर. सावलीतला बांध मागे असेल तर उन्हातला पक्षी त्यावर उठून दिसतो, आणि साडीसुद्धा सावलीत गेली की गप्प होते.

आणि मोटारीची केबल, थांबे, साड्या यांना हात लावू नका. तुम्ही लावणार नाही हे माहीत आहे, वाचणाऱ्या नव्या लोकांसाठी लिहिते. शेतकऱ्याने ते कष्टाने उभं केलंय, आणि केबलमध्ये वीज असते.

बोरू

धीवरासाठी जाळेवाल्यांशी बोला. मी माजलगाव धरणावर जातो. तिथले एक काका मला म्हणाले, "दम धरा की जरा, दहाला जाळं उचलतो, मग काढा फोटू." धीवर त्याच पट्ट्यात परत परत येतो, तो कुठे जात नाही. दहाचं ऊन कडक होतं हे खरं, पण ढगाळ दिवशी चालून जातं. नाहीतर पक्षी थोडा वर चढेपर्यंत थांबा आणि खालचं पाणी चौकटीबाहेर ठेवा.

रानवाट

स्पर्धेचं नीट वाचून घ्या. फियाप, पीएसए आणि आरपीएस या फोटोग्राफीच्या तीन संस्थांची निसर्ग विभागासाठी एकच व्याख्या आहे आणि बरेच सलोन, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा, तीच वापरतात. तिच्यात क्रॉप, म्हणजे फोटोच्या कडा कापणं, चालतं. चित्रातली वस्तू पुसणं, हलवणं, बदलणं, नवी घालणं चालत नाही. म्हणजे तार पुसलेला नीलपंख तिथे बाद.

माणसाच्या वस्तू नसाव्यात असंही त्यात आहे, पण त्या निसर्गाच्या गोष्टीचाच भाग असतील तर चालतात. माणसाने बदललेल्या जागेत रुळलेले पक्षी म्हणून गव्हाणी घुबड आणि करकोचे यांचं उदाहरणच दिलंय. माझ्या मते तुमचा पक्षीथांबा त्यात बसतो, कारण पक्षी तिथे का बसलाय हे तोच सांगतो. मागची तार काही सांगत नाही. ती जागेवरच टाळा.

अभ्यासासाठी चढवलेल्या कड्या आणि पट्ट्यांनाही परवानगी आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण एका मित्राने पट्टकादंबाच्या (हा एक रानहंस) गळ्यातली पट्टी 'घाण दिसते' म्हणून पुसली होती. मंगोलियात गळपट्टी चढवलेले पट्टकादंब आपल्याकडे हिवाळ्यात येतात. पट्टीवरचा क्रमांक वाचता आला तर तो पक्षी कुठून आला ते कळतं. हरभऱ्यात चरणारा थवा दिसला तर माना आधी बघा, क्रमांक दिसला तर बीएनएचएसला (मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा.

शाळेच्या भिंतीला मात्र स्पर्धेचे नियम नाहीत. तिथे पुसलंत तर फोटोखाली तसं लिहा, एवढंच.

गाळपेर

सगळ्यांचे मनापासून आभार. शेकाट्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. त्याचं काय करू?

माळटिटवी

मुद्दाम थांबले होते. तो फोटो मी बराच वेळ बघत बसले. एक रेघही पुसू नका. मूळ फाईल तारीख-वेळेसकट जपून ठेवा. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिच्यावर जागा सांगा. स्वतः पकडायला जाऊ नका. उडता येतंय तोवर तो हाती लागणार नाही, आणि पाठलागात धागा कुठे अडकला तर पाय जाईल.

गाळपेर

दोन आठवड्यांनी लिहितोय.

१९२६ ला फोन केला. वनविभागाचे एक कर्मचारी आले, सोबत मीही दोन सकाळी फिरलो. शेकाटे पुष्कळ होते, सगळ्यांचे पाय एकेक करून दुर्बिणीतून पाहिले. धागेवाला दिसला नाही. मी अजून बघतोच आहे. काठावर मात्र फाटलेल्या जाळ्यांचे पुंजके सापडले ते गोळा केले. पोतं अर्धं भरलं.

नीलपंख त्याच थांब्यावर मिळाला. युरियाचं रिकामं पोतं अंथरून त्यावर पालथा झालो. तार खाली सरकत सरकत त्याच्या पायाखाली गेली आणि पुढच्या हरभऱ्याच्या हिरव्या धुक्यात बुडाली. थांबा ठेवलाय, बांधलेल्या सुतळीच्या गाठीसकट. शाळेत तो आणि शेकाट्या शेजारी शेजारी लावलेत. शेकाट्याला काहीही केलेलं नाही.

आता एकच अडचण. ओल्या गाळावर आडवं झालं की कोपरं रुततात आणि लेन्स हलते. वाळूचं पोतं घरून न्यायचं म्हटलं तर मोटारसायकलवर जड होतं.

बोरू

जुन्या जीन्सचा एक पाय कापा, खालचं तोंड शिवून टाका, वर नाडी ओवा. जाताना रिकामा न्यायचा आणि काठावरची कोरडी वाळू तिथेच भरायची, येताना ओतून द्यायची. ज्वारी भरू नका, मी भरली होती. ओल लागली आणि चौथ्या दिवशी मोड आले.