स्वगत आणि नाट्यछटा यांत नेमका फरक कोणता, आणि कॅमेऱ्यासमोर तो टिकतो का?

शाळामास्तरीण

नमस्कार. आमच्या शाळेत दर वर्षी आठवी-नववीच्या मुलांसाठी एकपात्री सादरीकरणाची स्पर्धा होते. यंदा एका मुलीने दिवाकरांची नाट्यछटा निवडली आणि मन लावून पाठ केली; मात्र सादर करताना ती सगळा वेळ शून्यात पाहत, स्वतःशीच पुटपुटल्यासारखी बोलत राहिली. ‘हे स्वगत झाले, नाट्यछटा नव्हे’ असा शेरा देऊन परीक्षकांनी तिचे गुण कमी केले. तिने मला कारण विचारले आणि मला ते नीट सांगता आले नाही. दोन्हींत एकच पात्र बोलते आणि दोन्हींत समोरून उत्तर ऐकू येत नाही, मग फरक कशात आहे? दुसरी अडचण अशी की पुढच्या फेरीसाठी सादरीकरण मोबाइलवर चित्रित करून पाठवायचे आहे. तिथे तिने कॅमेऱ्याकडे पाहायचे की आणखी कुठे?

तिसरी घंटा

परीक्षकांचा शेरा बरोबर आहे. तेवढ्यावर थांबून मुलीला कारण न सांगणे मात्र बरोबर नाही. समोर कोणी उत्तर देत नाही एवढ्यावरून समोर कोणी नाही असे ठरत नाही. स्वगत बोलणाऱ्या पात्राचे बोलणे रंगमंचावरील कोणालाही ऐकू जात नाही, असा प्रेक्षकांशी केलेला एक करार असतो. नाट्यछटेत ऐकणारा माणूस हजर असतो, तो बोलतोही. त्याचे शब्द फक्त आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून आपल्याला ते ताडावे लागतात.

दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे, यांनी १९११च्या सुमारास हा प्रकार मराठीत आणला, आणि त्यामागे इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या नाट्यात्म कवितांची प्रेरणा होती. दिवाकरांनी पद्य सोडून रोजच्या बोलण्याचे गद्य घेतले, परंतु युक्ती तीच ठेवली. ती युक्ती समजून घ्यायची असेल तर ब्राउनिंग यांची १८४२ साली प्रसिद्ध झालेली ‘माय लास्ट डचेस’ ही ५६ ओळींची कविता पाहावी. इटलीतल्या फेराराचा ड्यूक, म्हणजे तिथला राज्यकर्ता, एका पाहुण्याला पडदा सारून आपल्या दिवंगत पत्नीचे चित्र दाखवतो. ती सगळ्यांकडेच सारख्या प्रसन्नतेने पाहून हसत असे, ही त्याची तक्रार आहे. पुढे आपण आज्ञा दिली आणि ती सगळी हास्ये एकदम थांबली, असे तो हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे सांगून जातो. पाहुणा कोण, हे मात्र कविता संपत आल्यावर उलगडते. ज्या सरदाराच्या मुलीशी ड्यूकला आता लग्न करायचे आहे, त्याचाच तो दूत आहे, आणि त्याचे एक अक्षरही अखेरपर्यंत आपल्याला ऐकू येत नाही. हेच शब्द ड्यूक एकट्याने बोलला असता तर त्यांना कबुली म्हटले असते, फार तर बढाई. होणाऱ्या सासऱ्याच्या माणसासमोर उच्चारल्यामुळे ते नव्या वधूसाठी आधीच दिलेली ताकीद ठरतात. एकही शब्द न बदलता केवळ ऐकणारा बसवल्याने अर्थ बदलतो, आणि तुमच्या विद्यार्थिनीच्या सादरीकरणातून नेमका हा ऐकणाराच हरवला होता.

त्रिपताका

वरील विवेचनाला एक जुना आधार जोडतो. संवादांची विभागणी ऐकणाऱ्यावरून करण्याची पद्धत आपल्याकडे ब्राउनिंगच्या कितीतरी आधीची आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथात पात्राच्या बोलण्याचे प्रकार ते कोणाला ऐकू जाते यावरून पाडलेले आहेत. सर्वांना ऐकू जाते ते प्रकाश आणि कोणालाच ऐकू जात नाही ते स्वगत. काही ठरावीक पात्रांनाच ऐकू जाणाऱ्या बोलण्यात जनान्तिक आणि अपवारित असे दोन प्रकार येतात. जनान्तिकासाठी नट अनामिका दुमडून बाकीची बोटे उभी ठेवतो आणि त्या हाताचा आडोसा करून बोलतो. तो हात वर गेला की दोन पावलांवर उभ्या असलेल्या तिसऱ्या पात्राला काहीही ऐकू येत नाही, हे प्रेक्षक निमूटपणे मान्य करतात. (माझे येथील टोपणनाव त्या हस्तमुद्रेवरूनच घेतले आहे.)

नाट्यछटेला सर्वांत जवळचा प्रकार आकाशभाषिताचा होय. यात नट समोर नसलेल्या पात्राचे बोलणे ऐकल्यासारखे करतो, ‘काय म्हणतोस?’ असे विचारून ते स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारतो आणि मग त्याला उत्तर देतो. संस्कृतातील भाण हा नाट्यप्रकार सगळाच्या सगळा या युक्तीवर उभा असतो: एकटा विट, म्हणजे शहरातला रंगेल माणूस, रस्त्याने हिंडतो आणि न दिसणाऱ्या माणसांशी बोलत अख्खे नगर उभे करतो. दिवाकरांनी भाणावरून नाट्यछटा घेतली असे माझे म्हणणे नाही, कारण त्यांची वाट ब्राउनिंगकडूनच येते. परंतु मुलीला ‘काय म्हणालात?’ या शब्दांनंतर खरोखर ऐकण्याइतके थांबायला शिकवायचे असेल, तर भाणाचे उदाहरण तिला चटकन समजेल.

पिटातला प्रेक्षक

कॅमेऱ्याच्या प्रश्नाकडे वळतो. स्वगत रंगमंचावर खपते, कारण तिथला काळ आणि अवकाश दोन्ही मानलेले असतात. याचे मराठीतले सर्वांत धाडसी उदाहरण माझ्या मते विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ साली रंगमंचावर आलेल्या नाटकाच्या शेवटी सापडते. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेबाईंना बचावासाठी केवळ दहा सेकंद दिले जातात. प्रकाश बदलतो, बाकीची पात्रे जागच्या जागी गोठतात आणि बाई ते सुप्रसिद्ध दीर्घ भाषण करतात. ते संपल्यावर प्रकाश पूर्ववत होतो आणि न्यायाधीशाच्या भूमिकेतले काशीकर घड्याळाकडे पाहून वेळ संपल्याचे जाहीर करतात. म्हणजे जे काही बोलले गेले ते त्या दहा सेकंदांत, कोर्टातल्या कोणाच्याही कानी न पडता. साऱ्या नाट्यगृहाने ऐकले आणि ज्यांनी ऐकायला हवे होते त्यांनी ऐकले नाही, हा घाव स्वगताच्या संकेतावाचून घालताच आला नसता.

चित्रपटात हा संकेत अवघडतो, कारण कॅमेरा माणसाच्या इतक्या जवळ जातो की मोठ्याने स्वतःशी बोलणारा माणूस कृत्रिम वाटू लागतो. ‘हॅम्लेट’मधील जगावे की मरावे हे स्वगत लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी १९४८च्या चित्रपटात समुद्रावरच्या उंच कड्याशी बसून अर्धे मनातल्या आवाजात आणि अर्धे ओठांनी म्हटले. केनेथ ब्रॅना यांनी १९९६ साली वेगळाच मार्ग काढला: त्यांचा हॅम्लेट आरशासमोर बोलतो आणि त्या आरशामागून राजा क्लॉडियस आणि त्याचा मंत्री पोलोनियस त्याला न्याहाळत असतात. तेवढ्याने स्वगताला चोरून ऐकणारे श्रोते मिळाले आणि त्याचा पोत पालटला.

स्वगताला साफ नकार देऊनही परिणाम साधतो, हे चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाने २०१४ साली दाखवले. तिथेही खटलाच आहे, पण कोणाच्याही वाट्याला बेणारेबाईंसारखे भाषण येत नाही. कॅमेरा लांबून, न हलता, कामकाज पाहत राहतो.

ओवी

एक किरकोळ मतभेद नोंदवते. ऐकणाऱ्याची चाहूल त्याच्या शब्दांवरूनच लागावी असे नाही, त्याची एखादी हालचाल कवितेत शिरू शकते. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेत पुरात घर गमावलेला विद्यार्थी सरांना सगळे सांगतो आणि सर एक शब्दही बोलत नाहीत. मात्र त्यांचा हात खिशाकडे जातो. त्या एका हालचालीने सरांनी काय समजून घेतले आणि काय नाही, हे दोन्ही कळते, आणि विद्यार्थ्याला आपले खरे मागणे बोलून दाखवावे लागते. त्यामुळे तुमच्या विद्यार्थिनीला ऐकणाऱ्याचे केवळ शब्दच नव्हे, तर त्याचे उठणे, नजर चुकवणे किंवा पानाचे तबक पुढे करणे हेही मनात ठरवायला सांगावे. कॅमेऱ्याच्या भिंगात थेट पाहिले तर पाहणारा प्रत्येक जण स्वतःलाच श्रोता समजेल. भिंगाच्या किंचित बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तिची नजर स्थिर असावी.

शाळामास्तरीण

सर्वांची आभारी आहे. काल चित्रीकरण पार पडले. मोबाइलच्या उजव्या अंगाला खुर्ची मांडून तीत मुलीच्या आजीला बसवले होते आणि पहिल्या वाक्यापासूनच मुलीचा आवाज बदललेला जाणवला. आजी मात्र मधेच खरीखुरी उत्तरे देऊ लागल्या, म्हणून दोन वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.