शिरोळ तालुका : पुराआधी म्हातारी माणसं आणि म्हशी कधी हलवायच्या?

पुण्याची_सून: सासर शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. घरात सासू-सासरे दोघंच, मामंजींना शुगर, इन्सुलिन चालू आहे. दारात दोन म्हशी. 2019 आणि 2021, दोन्ही वेळेला घरात पाणी आलं, आणि दोन्ही वेळेला मामंजी म्हणाले, "2005 ला पायरीवरनं परत गेलं होतं, आता कुठं येतंय." यंदा पाऊस लागायच्या आत ठरवून ठेवायचंय. कधी निघायचं, काय न्यायचं? ज्यांनी पूर काढलाय त्यांनी सांगा.

कुरुंदवाडकर: ताई, सामानाचं नंतर. आधी निघायचा आकडा ठरवा आणि तो मामंजींच्याच तोंडून वदवून घ्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2021 ला पाणी 56 च्या वर गेलं होतं. आमच्या घरात 39 लागले की म्हातारी माणसं आणि जनावरं बाहेर, 43 ची वाट बघत नाही. तुम्ही कृष्णेच्या अंगाला असाल तर सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळीही बघा, तिथं इशारा 40 ला.

आपल्याकडं पाणी फुगवट्यानं चढतं. नरसोबाच्या वाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, कृष्णा भरून असली की पंचगंगेला पुढं सरकता येत नाही, पाणी मागं दाबतं. म्हणून पाऊस उघडला तरी पाणी वाढतच राहतं आणि लवकर हटत नाही. शिवाय घराआधी ओढ्यावरचा रस्ता बुडतो. मग उरते नाव. 2019 ला सांगलीकडच्या ब्रह्मनाळला जादा माणसं बसलेली नाव उलटून माणसं बुडाली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पायाखाली रस्ता आहे तोवर निघा.

गोठेवाली: म्हशी हलल्या की मामंजी आपोआप हलतील. आमच्या गल्लीत जी माणसं मागं राहिली ती जनावरांपायीच. उंचावरच्या पाहुण्यांकडं गोठ्याची जागा आत्ताच बोलून ठेवा आणि थोडा कडबा आधीच नेऊन टाका, पुरात वैरण मिळत नाही. प्रत्येक म्हशीचा कानातला बिल्ला नंबर दिसेल असा फोटो काढा, पंचनाम्याला लागतो. आणि अगदीच वेळ आली, सोबत नेता आल्या नाहीत, तर दावी सोडून द्या. बांधलेलं जनावर दाव्यालाच मरतं.

शिरोळची_माहेरवाशीण: एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुकं, मामंजींच्या औषधाची चिठ्ठी आणि थोडी रोकड (वीज गेली की एटीएम बंद). सातबारा ऑनलाईन निघतो, त्यासाठी कपाट उपसू नका. औषधं पंधरा दिवसांची. इन्सुलिन फ्रीजबाहेर किती दिवस चालेल ते डॉक्टरांना आत्ताच विचारा. निघताना मेन स्विच पाडा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टाकी खिडकीच्या गजाला बांधा, नाहीतर तरंगत जाते.

पुण्याची_सून: आकड्याचं डोक्यातच नव्हतं, फार आभार. 39 झाले की आम्ही पुण्याहून गाडी घेऊन निघतो.

कुरुंदवाडकर: तुमच्या गाडीवर विसंबू नका. 2019 आणि 2021 दोन्ही वेळेला शिरोलीजवळ हायवेच पाण्यात होता. गावातलाच छोटा हत्तीवाला आत्ता बोलून ठेवा. त्याचा नंबर आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 सासूबाईंना मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून द्या. तुम्ही पुण्यातनं फक्त पातळी बघत राहा आणि 39 ला दोघांनाही फोन लावा.